पुरात आलेली डुकरीण

शनिवारचं प्रवचन संपलं तेव्हा ग्रिझेलच्या कमरेला कळ लागली होती आणि पाळकसाहेबांचा घसा बसला होता, पण नदीच्या टेव्हियट वळणावरच्या वस्तीतला एकही माणूस बाकावरून हलला नाही. सगळ्यांचे डोळे पाळकसाहेबांच्या हातातल्या कापडी पिशवीवर होते. तिच्यात शिशाचे चौकोनी बिल्ले होते. ज्याच्या हाती बिल्ला पडेल तो उद्या प्रभुभोजनाच्या मेजाशी भाकरी आणि द्राक्षारस घ्यायला बसणार, आणि ज्याला मिळणार नाही त्याने मागच्या बाकावरून मान उंच करून बघायचं. ऑस्ट्रेलियातल्या हॉक्सबरी नदीच्या काठी या लोकांनी चर्चच्या भिंती केव्हाच्या उभ्या केल्या होत्या, पण मेज मांडायला रीतसर दीक्षा घेतलेला पाळक लागतो आणि तो काही येत नव्हता. आता आला होता. वस्तीचं हे पहिलंच प्रभुभोजन.

ग्रिझेल डाल्ग्लिशचं तर आयुष्यातलं पहिलं. स्कॉटलंडमधल्या त्यांच्या गावचं भोजन उन्हाळ्यात असायचं, आणि जहाज सुटलं होतं ऐन थंडीत. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. "पुढच्या वर्षी बसशील हो," आई बोटीवर चढवताना म्हणाली होती. ते पुढचं वर्ष उजाडेपर्यंत आई समुद्रापलीकडे मातीत गेली आणि ग्रिझेलचे केस पांढरे झाले.

आता रीत अशी, की बिल्ले मंडळीच्या पंचांनी वाटायचे, आणि ज्याच्या मनात कुणाविषयी वैर आहे त्याला बिल्ला द्यायचा नाही. वस्तीला पंच दोन. दोघेही डाल्ग्लिश, दोघेही ग्रिझेलचे सख्खे थोरले भाऊ. आणि मोठ्या पुरापासून, म्हणजे सात वर्षं, या दोन पंचांनी एकमेकांशी अवाक्षर काढलं नव्हतं.

ही गोष्ट पाळकसाहेबांना कुणी सांगितलीच नव्हती. वस्तीला तिची इतकी सवय झाली होती, की सांगण्यासारखी आहे हेच कुणाच्या लक्षात आलं नाही.

बिल्ले वाटण्याआधीची पंचांची बैठक शाळेच्या खोलीत भरली. मुलांच्या ठेंगण्या बाकांवर, एक खिडकीशी आणि एक दाराशी, असे दोघे भाऊ गुडघे हनुवटीला टेकवून बसले. मधे पाळकसाहेब, तरुण रेव्हरंड गिल्क्रिस्ट. सिडनीहून होडीने येताना त्यांना जी मळमळ लागली होती ती अजून पुरती गेलेली नव्हती. बैठकीत बायकांना जागा नसते, पण ग्रिझेलला बोलावून घ्यावं लागलं. ती सहा महिने आर्चीदादाकडे राही, सहा महिने वॉल्टरकडे, आणि सात वर्षांत एकाचं बोलणं दुसऱ्याला पोचवायचं असेल तर ते तिच्याच तोंडून जाई.

"ग्रिझेल," आर्चीदादा म्हणाला, "पाळकसाहेबांना सांग, माझ्या मनात कुणाविषयी काही नाही. ज्याने माझी डुकरीण खाल्ली त्याच्याविषयीसुद्धा नाही."

"ग्रिझेल," वॉल्टर भिंतीला म्हणाला, "त्यांना विचार, डुकरिणीवर कुणाचं नाव लिहिलं होतं का?"

"मी इथेच बसलोय," पाळकसाहेब म्हणाले. "मला सरळ सांगा ना."

"त्यांना सवय नाही हो," ग्रिझेल म्हणाली. "तुम्ही विचारा. मी सांगते."

तर झालं होतं असं. मोठ्या पुराने आर्चीदादाची गवताची गंजी उभीच्या उभी उचलली. गंजीवर त्याची पांढरी डुकरीण चढून बसली होती. गंजी डौलात निघाली, वळण घेतलं, आणि दोन मैल खाली वॉल्टरच्या ओसरीला टेकली. वॉल्टरचं सगळं कोठार वाहून गेलं होतं. घरात पाच पोरं आणि कुजका मका. त्या पहाटे त्याने बायकोमुलांना गुडघ्यावर बसवून अन्नासाठी प्रार्थना केली, आमेन म्हटलं, दार उघडलं, तर समोर डुकरीण.

"मागितलं आणि मिळालं," वॉल्टर म्हणाला. "आता काय, देवाकडे पावती मागू?"

"ग्रिझेल, त्याला विचार, देवाने त्याला दिली ती आणली कुठून? माझ्या गोठ्यातून! देव एकाची चोरी करून दुसऱ्याला देतो का?"

"त्याला सांग, बायबलातल्या ईयोबाचं तर देवाने सगळंच नेलं होतं. ईयोब नाही ओरडत फिरला 'माझी डुकरीण, माझी डुकरीण' म्हणून."

"ईयोबाकडे डुकरं नव्हती!" आर्चीदादा गरजला. "त्याला सांग!"

"ऐकू गेलं त्याला, दादा."

पाळकसाहेबांनी घाम पुसला. एडिंबरोला त्यांनी देवाच्या योजनेवर दोन वर्षं व्याख्यानं ऐकली होती, पण तिथल्या कुठल्याही प्राध्यापकाने तिच्यावर डुकरीण बसवून दाखवली नव्हती. "डुकरीण कुणाचीही असो," ते म्हणाले, "पण वैर कशाचं? एका जनावराचं?"

मग वॉल्टर पहिल्यांदाच पाळकसाहेबांकडे वळून बोलला, हळू आवाजात.

"पूर उतरल्यावर टायर्नी नावाड्याच्या नावेत याने मला चोर म्हटलं. भर नावेत. साहेब, हा देश कसला आहे तुम्हाला ठाऊक आहे. नदीवरचा प्रत्येक तिसरा माणूस चोरीपायी बेड्या घालून इथे आणलेला. आम्ही स्वखुशीने आलो, आपलं बायबल आपल्या काखेत घेऊन आलो. तेवढं एकच आहे हो आमच्याकडे मिरवायला. आणि माझ्या सख्ख्या भावाने मला कैद्यांच्या देखत चोर म्हटलं."

ग्रिझेलला हे नवीन नव्हतं, तरी तिला भरून आलं. आर्चीदादाने नखाने बाकावरची शाई खरवडली.

"त्याने माफी मागितली तर मी क्षमा करतो," तो म्हणाला.

"माफी मागायची म्हणजे देवाने माझी प्रार्थना ऐकलीच नाही असं म्हणायचं. ते मी मेलो तरी म्हणणार नाही."

"मग मी तरी कशाची क्षमा करू? मागितल्याशिवाय दिली तर ती उधळपट्टी झाली."

पाळकसाहेब उभे राहिले. मळमळीमुळे असेल किंवा रागामुळे, पण ते पांढरेफटक पडले होते. "पंचांतच वैर असेल तर बैठक होत नाही. बैठक नाही तर बिल्ले नाहीत, आणि बिल्ले नाहीत तर भोजन नाही. मंगळवारी माझी होडी आहे. पिशवी मी आणली तशी परत नेतो. तासाभरात काय ते ठरवा."

बाहेर झाडाखाली सगळी वस्ती डबे सोडून बसली होती. कोणी चाळीस मैल वल्ही मारत आलं होतं. आत चर्चमध्ये दोन्ही भावांचे कुत्रे शेवटच्या एकाच बाकाखाली एकमेकांच्या अंगावर डोकी टाकून झोपले होते. पुराआधीची मैत्री मोडायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ग्रिझेलने पाण्याच्या पिंपाशी वॉल्टरच्या बायकोला गाठलं.

"फीमीवहिनी, मी मांडीचं सांगून टाकते."

फीमीच्या हातातलं भांडं पिंपात पडलं. "वन्सं, वेड लागलंय का तुम्हाला?"

"दुसरा उपाय दिसत नाही."

"अहो, पण तुम्ही सात वर्षं दोन-दोन पंचांशी खोटं बोललात! ते कळल्यावर बिल्ला देतील का तुम्हाला? सगळ्यांची पंगत बसेल आणि तुम्ही तेवढ्या मागे राहाल."

"आणि नाही सांगितलं तर कुणीच बसणार नाही. तुझं नाव नाही घेत मी. काळजी करू नको."

"माझ्या नावाचं काय लोणचं घालायचंय," फीमी म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावावा तसा एप्रन लावला. "तुम्ही किती वाट बघितलीत हो."

ग्रिझेलला नेमकं हेच ऐकायचं नव्हतं. आणखी ऐकलं असतं तर पाय मागे फिरले असते, म्हणून ती तडक आत गेली.

"दादा," तिने दार लावून घेतलं, "पुरानंतर मी तुझ्याकडे एक खारवलेली मांडी घेऊन आले होते. आठवतं?"

आर्चीदादाचा चेहरा अशा प्रसंगीही उजळला. "न आठवायला काय झालं! टायर्नीने दिलेली. तू त्याला मोजे विणून दिलेस त्याबद्दल. पाळकसाहेब, माणूस पोपच्या पंथातला, पण मांडी अशी की जिभेवर विरघळावी. मी तेव्हाच म्हटलं, देवाने याला अगदीच टाकलेलं नाही. दर उन्हाळ्यात मी त्याला पोतंभर पीच पाठवतो अजून."

"टायर्नीने नव्हती दिली. मी त्याला आयुष्यात मोजा विणलेला नाही."

"मग कुणी दिली?"

"ती तुझ्याच डुकरिणीची होती, दादा."

आर्चीदादाने नकळत पोटावर हात ठेवला.

"वॉल्टरभाऊच्या धुराड्यात धुरावायला टांगली होती, तिथून मी आणली. आणि तू जेवायच्या आधी उभा राहून प्रार्थना केलीस. 'प्रभू, न मागता, न कळता, तू ज्या वाटेने हे आमच्या ताटात घातलंस त्या वाटेचे आभार.' मला पाठ आहे ती. मी तेव्हा डोळे मिटू शकले नव्हते."

प्रथम वॉल्टर हसला. ठेंगण्या बाकावर बसून त्याला नीट हसताही येईना. "म्हणजे त्यानेही आभार मानले! त्याच डुकरिणीचे! ग्रिझेल, त्याला विचार, आता देवाची योजना होती की नव्हती?"

"तू हसू नकोस, वॉल्टरभाऊ. तुझ्या धुराड्यातली मांडी घोरपडीने नेली असं तुला वाटलं ना?"

वॉल्टरचं हसू थांबलं. त्या मांडीपायी त्याने त्या साली अंगणात आलेली एकही घोरपड जिवंत सोडली नव्हती. धुराडं मोडून पुरुषभर उंच बांधलं होतं. रविवारी बंदुकीला हात लावायचा नाही, म्हणून शनिवारी मध्यान्हापासूनच ती घेऊन छपरावर बसत होता. फीमी त्याला वर चहा नेऊन द्यायची.

"ती घोरपड मी," ग्रिझेल म्हणाली. "आता झालं? एकाने खाल्ली, दुसऱ्यानेही खाल्ली. दोघांनीही देवाचे आभार मानले. चोर असेल तर दोघं, नाहीतर कुणीच नाही."

पाळकसाहेब खिडकीबाहेर नदी बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

आर्चीदादा उठला. मग वॉल्टर उठला. सात वर्षांत पहिल्यांदाच दोघे एकाच दिशेला बघत होते, आणि त्या दिशेला ग्रिझेल उभी होती.

"साहेब," आर्चीदादा म्हणाला, "डुकरिणीचा दावा मी सोडला. चोर हा शब्द मागे घेतला."

"मी माझ्या भावाविषयी मनात काही ठेवत नाही," वॉल्टर म्हणाला. "बैठक सुरू करा. पहिला विषय, ग्रिझेल डाल्ग्लिश."

"साहेब, ही पंचांशी सात वर्षं खोटं बोलली," आर्चीदादा म्हणाला.

"दोन पंचांशी, साहेब. म्हणजे चौदा वर्षं," वॉल्टर पाळकसाहेबांना म्हणाला.

"तीन रविवार तिला मंडळीसमोर उभं करून ताकीद द्यायची. तोवर बिल्ला नाही."

"पण मी तर मंगळवारी जातो," पाळकसाहेब म्हणाले. "पुढचं भोजन केव्हा होईल कुणाला ठाऊक!"

"रीत म्हणजे रीत," दोघे एका सुरात म्हणाले, आणि आपला सूर जुळल्याचं दोघांनाही फार बरं वाटलेलं दिसलं.

अध्यक्ष म्हणून पाळकसाहेबांना मत होतं ते फक्त बरोबरी झाल्यावर. आणि आज बरोबरी कुठून व्हायची? सात वर्षांनी पंचांचं एकमत झालं होतं.

"बरं," ग्रिझेल म्हणाली. "तुमचं जुळलं ना? पुष्कळ झालं." आवाज नीट निघाला, पण दाराची कडी तिला दिसेना. तिला मनापासून वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त राग येत होता. या दोन गाढवांना एकत्र आणायला दुसरं काही का सुचलं नाही आपल्याला? ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर कुत्र्यांपाशी जाऊन बसली.

बिल्ल्यांचं वाटप सुरू झालं. पुढे टेबल, टेबलामागे दोन्ही पंच शेजारी शेजारी, मधे पिशवी. भाऊ शेजारी बसलेले बघून वस्ती चकित झाली, आणि ग्रिझेल मागे का बसली आहे हे बायकांच्या रांगेत कानोकान शेवटपर्यंत पोचलं. रांगेत पहिली होती मार्जरी, आर्चीदादाची बायको. तिला या प्रकरणातलं काही ठाऊक नाही असं ग्रिझेल सात वर्षं धरून चालली होती.

"मार्जरी डाल्ग्लिश," आर्चीदादाने बिल्ला पुढे केला.

मार्जरीने हात पुढे केला नाही. "मला नको, अहो. मला बिल्ला घेता येत नाही. मांडी कुणाकडची ते मला पहिल्याच रात्री कळलं होतं."

"काय?"

"पीचच्या लाकडाचा धूर या नदीवर एक फीमी तेवढी देते. टायर्नीच्या घरी चूल धड पेटत नाही, तो कसली मांडी धुरावतो!"

"मग बोलली का नाहीस तेव्हाच?"

"बोलणार कशी? तुम्ही तिसऱ्यांदा वाढून घेत होता."

मागच्या बाकांवर कुणीतरी खोकलं. मार्जरी बाजूला झाली आणि फीमी पुढे आली. या दोघी जावा गेली सात वर्षं एका ओंडक्यावर, पण नवऱ्यांच्या भांडणापायी पाठीला पाठ लावून बसत. आता मार्जरीने फीमीचा हात धरला.

"मांडी धुराड्यातून मीच काढून वन्संना दिली," फीमी नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही छपरावर बंदूक घेऊन बसलात तेव्हा मीच चहा देत होते. मलाही नको बिल्ला."

मग म्हातारा रॉबसन. "मलाही ठाऊक होतं, आर्ची. टायर्नी नावेत बसणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, हा डाल्ग्लिश मला पीच का पाठवतो म्हणून. आम्ही त्याला म्हणायचो, खा मुकाट्याने."

रॉबसनची बायको. तिच्यामागची. त्यांच्यामागची. कुणी हसत, कुणी खाली मान घालून, पण जो तो येई आणि सांगे, मलाही ठाऊक होतं. चाळीस मैलांवरून आलेल्या माणसालासुद्धा ठाऊक होतं. पिशवीतला एकही बिल्ला बाहेर गेला नाही. दोन्ही पंच लाल होत होत जांभळे झाले.

तेव्हा पाळकसाहेबांनी पिशवीत हात घातला, एक बिल्ला काढला, तरातरा शेवटच्या बाकापर्यंत चालत आले आणि तो ग्रिझेलच्या तळहातावर ठेवला. "उद्या मेजाशी एकटंच कुणी बसणार असेल," ते म्हणाले, "तर जिने खरं सांगितलं ती बसू दे."

बाकाबाकांवरून माना मागे वळल्या.

"वॉल्टर!" आर्चीदादाचा आवाज फाटला. "बघितलंस?"

"बघितलं, दादा!"

"पाळकाने बिल्ला दिला! स्वतःच्या हाताने!"

"पंचांचं काम पाळकाने करायचं? उद्या म्हणेल मंडळीवर बिशप आणा!"

"बिशपांची हुकमत नको म्हणून आपले पणजोबा डोंगरात पावसात भिजत प्रार्थना करत होते. आणि हा काल आलेला पोरगा... चल!"

सात वर्षांत एकमेकांशी पहिल्यांदा बोलताहेत हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. दोघे बाकांच्या मधून खांद्याला खांदा लावून आले, आणि आर्चीदादाने ग्रिझेलच्या हातातून बिल्ला काढून घेतला.

तिने मूठ आवळली होती, पण उशिरा. मुठीत आता काहीच नव्हतं. तिने भावाकडे बघितलं आणि तिला लहानपणीसारखं मोठ्यांदा रडावंसं वाटलं.

आर्चीदादाने बिल्ला कोटाला पुसला. पाळकाचा हात लागला होता ना. मग तो ताठ उभा राहिला. "ग्रिझेल डाल्ग्लिश, रॉबर्ट डाल्ग्लिशची मुलगी. बैठकीत असं ठरलं आहे की..." तो अडला. "वॉल्टर, काय ठरलंय?"

"द्यायचं ठरलंय."

"केव्हा ठरलं?"

"आत्ताच."

"की हिला बिल्ला देण्यात यावा," आर्चीदादा म्हणाला. "पंचांच्या हातून. रीतसर." आणि त्याने तो तिच्या हातावर ठेवून वरून तिची बोटं स्वतः मिटली. मग सगळ्यांकडे वळून ओरडला, "आणि तुम्ही काय बघताय? रांगेत उभे राहा! ठाऊक होतं म्हणे! ठाऊक असणं हा गुन्हा आहे असं कुठल्या बैठकीत ठरलं?"

रविवारी लांब मेजावर पांढरं कापड अंथरलं. दोन्ही बाजूंना माणसं दाटीवाटीने बसली. आर्चीदादा भाकरीचं ताट घेऊन पुढे आणि वॉल्टर पेला घेऊन त्याच्यामागे, असे दोघे बाकांमागून फिरत होते. या क्षणी काय प्रार्थना करायची हे ग्रिझेलने इतक्या वर्षांत कितीदा मनात घोळवलं होतं. आईला काय सांगायचं हेही ठरवलं होतं. भाकरीचा तुकडा हातात आला आणि त्यातलं एक अक्षर आठवेना. तिने तुकडा तोंडात घातला आणि रडायला लागली, सगळ्यांदेखत, डोळेही न पुसता.

वॉल्टरने घाईघाईने पेला पुढे केला. आर्चीदादाने मागे वळून त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"थांब रे, वॉल्टर," तो हळूच म्हणाला. "तिला आधी गिळू दे."